गालावरचा डाग
समारंभ पार पाडून देण्याचा धंदा वहिनी आणि धाकटा दीर मिळून करायचे. एका लग्नाच्या हॉलवर पोचताच वहिनी प्रवेशद्वाराशीच थबकली. स्वागताच्या माणसाएवढ्या फुलांच्या चौकटीत नवरीचा भलामोठा फोटो दोऱ्यांनी टांगला होता, पण गालावरचा भाजल्याचा डाग गायब! "मीच पुसून घेतला," दीर ऐटीत म्हणाला. "पोरगी कशी उजळून निघाली बघा!" वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिनं सांगितलं होतं?" "असं कुणी तोंडानं सांगतं का, वहिनी? आपणच समजून घ्यायचं." "'आहे तसाच लावा' म्हणून बजावून गेली होती ती!" वहिनीनं दोऱ्या कापून फोटो खाली उतरवला. तेवढ्यात नवरीच आली. वहिनीनं काही न लपवता सगळं सांगितलं, माफी मागितली. नवरीनं त्या गुळगुळीत गालाकडे पाहिलं. "हिला मी ओळखत नाही," दिराला एवढंच सुनावून ती पाहुण्यांच्या स्वागताला रिकाम्या चौकटीत उभी राहिली.