वारलूभाऊचं इंजिन

वारलूभाऊने पत्र्याच्या डब्यांतून घडवलेलं ते छोटं वाफेचं इंजिन काळं होतं. रेल्वेच्या ज्या इंजिनाच्या भट्टीत त्याने उमेदीची वर्षं कोळसा टाकला, तेही काळंच होतं. डोळे मिटण्याआधी त्याने धाकट्या भावाला एवढंच सांगितलं, "बाबू, याले काळंच राहू दे."

बाबुलालने मान डोलावली होती. पण ऊर्जानगरात हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं, आणि काळ्या इंजिनापाशी कोण थांबतं? भर दुपारी गॅलरीत बसून त्याने ते हिरवंगार रंगवलं. खाली पांढऱ्या अक्षरांत कारागिराचं म्हणून स्वतःचं नाव घातलं.

"काऊन जी, पाठीले काय लावून घेतलं?" मागून बायको, साधना, म्हणाली. "काळा हात उमटला पुरा! अन् अंगठाच नाई त्याले."

घरात काळा रंग नव्हता. अंगठा वारलूभाऊला नव्हता, भट्टीच्या दारात सापडून गेलेला. बाबुलालचं एखादं काम मनासारखं झालं की तो कोळशाच्या हातानेच त्याची पाठ थोपटायचा.

तो रागावला असता, तर बाबुलालने सोसलं असतं. त्याने घाईघाईने टर्पेंटाइनच्या फडक्याने आपलं नाव पुसून टाकलं.

"द्या तो शर्ट, भिजू घालतो," साधना म्हणाली.

त्याने शर्ट काढून दिला. ती तो घेऊन आत गेली, नळ सोडल्याचा आवाज आला.

उघड्या पाठीवर अंगठा नसलेला हात थोपटतच राहिला.