उरलेला राग

डॉक्टरांनी कानामागची चिप काढली आणि केतकीच्या डोक्यातलं घर एकदम गप्प झालं. कारखानीसांच्या घरात प्रत्येकाला अशी चिप होती. एकाला जे वाटे, ते सगळ्यांना वाटे. निषादने आपली चिप काढून टाकली आणि सालोमीशी चर्चमध्ये लग्न केलं तेव्हा बाबा संतापले, आणि त्या क्षणापासून घरातल्या साऱ्यांना निषाद नकोसा झाला. त्याच्या सख्ख्या बहिणीला, केतकीलाही. हा संताप आपला की बाबांचा, हे तिला कळेना, म्हणून तिने चिप काढून घेतली.

"आता तू आमची राहशील ना गं?" शेजारी बसलेल्या आईने विचारलं.

"राहीन की. फक्त तुला काय वाटतं ते आता तोंडाने सांगत जा."

दवाखान्यातून ती थेट मिरजेला निषादकडे गेली. दार उघडताच तो मागे सरकला.

"राग आहे अजून?"

केतकीने मनात नीट शोधलं. बाबांचा संताप कुठेच नव्हता. एक छोटा राग मात्र सापडला.

"आहे. लग्नाला मला बोलावलं नाहीस. हा माझा स्वतःचा आहे."

निषादचे डोळे भरून आले.

"मग आत ये आणि भांड," तो म्हणाला.