दारापाशी थांबलेल्या सपाता

आई घरीच ऑडिओबुकं वाचायची. चांगली नोकरी सोडून ही कसली पोपटपंची, म्हणून आजोबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. आज दाराला आतून रजई टांगून तिनं एकच विनोदी उतारा जुन्या आणि नुकत्याच मागवलेल्या नव्या माइकवर एकाच वेळी वाचला. लेक हेडफोन लावून दोन्ही ताडून बघायला बसली. जुन्यावर फक्त आई होती. नव्यावर मात्र आजोबांच्या सपाता फटफटत आल्या आणि दारापाशीच थांबल्या. “आई, आजोबा पाळत ठेवतायत! आता बाबांकडे चुगली करणार, लिहून घे,” ती फणकारली. तिनं आवाज वाढवला. रेकॉर्डिंगमधली विनोदाची ओळ आली आणि दारापलीकडे आजोबा तोंड दाबून फिस्सकन हसले. तिनं चटकन हेडफोन आईच्या कानांवर चढवले. आईनं तीनदा ऐकलं. “खरा चुगलखोर हा नवा माइकच. परत करून टाक,” ती म्हणाली. मग रजई उतरवून तिनं दाराबाहेर हळूच एक खुर्ची ठेवली.