मनगटाएवढा पाइप

श्रीरंगच्या गाडीचा आवाज गाडीच्या आधी सासुरवाडीत पोचला. अधिक महिना होता आणि पाटणच्या सासूबाईंनी दोन्ही जावयांना धोंडे खायला बोलावलं होतं.

गेल्या दिवाळीत कुंभार्ली घाटात धाकट्या साडूची गाडी एसी लावून सुर्रकन पुढे निघून गेली, तेव्हा बायको म्हणाली होती, "भाऊजींची गाडी कशी पळते, नाही?" तेव्हापासून श्रीरंगचा नुसता जळफळाट चालला होता. म्हणून त्याने कंपनीचा सायलेन्सर काढून मनगटाएवढा जाड पाइप बसवून घेतला. आवाज वाघाचा आला, पण त्या रुंद पाइपापायी चढाला इंजिनाचा दम तुटू लागला. आज घाटात एसी बंद करूनही गाडी पहिला गिअर सोडेना. भाजीचा टेम्पोसुद्धा हॉर्न देऊन पुढे गेला. बायको पदराने वारा घेत होती.

अंगणात मात्र सगळं घर त्या पाइपाभोवती जमलं. जेवताना धाकटा साडू त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाला, "खरं सांगू, श्रीरंगराव? आवाज ऐकून पोटात दुखलं माझ्या. घाटात तर विमान झालं असेल तुमचं!"

वाढता वाढता बायकोचा हात थांबला.

श्रीरंगने तुपात भिजलेला धोंडा सावकाश गिळला. "विचारू नका," तो म्हणाला. "उद्याच चला. मी स्वतः उभा राहून तुमच्या गाडीला बसवून देतो."

बायकोने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि त्याच्या पानात आणखी एक धोंडा वाढला.