गोधडीची घडी

माग थांबले आणि सुपडूला जाग आली.

सुरतेजवळच्या बमरोलीतील त्या खोलीत भिंतीपलीकडच्या यंत्रमागांचा खडखडाट हीच झोप होती. शांतता झाली की डोळे उघडत. वीज गेली, असे त्याला वाटले. म्हणजे रातपाळीचा राघो आता अंग टाकायला येणार. सुपडूने अंधारातच उठून कडी लावली.

चौऱ्याण्णवच्या प्लेगात गावाकडे पळालेले सुपडू आणि राघो सुरतेत परतले, तेव्हापासून त्यांचे वैर एका अंथरुणावर नांदत होते. गादी सुपडूची, गोधडी राघोची. रात्री सुपडूने निजावे, दिवसा राघोने, असा ठराव होता. राघोची एकच तक्रार असे. आईने शिवलेली गोधडी सुपडूने सकाळी घडी करून ठेवावी. सुपडू ती मुद्दाम चुरगळून कोपऱ्यात फेकी. त्यावरून परवा हातघाई झाली होती.

दारावर थाप पडली. आवाज मात्र राघोच्या मागावरच्या जोडीदाराचा, धुडकूचा होता.

"दार उघड भाऊ. राघोले गोधडी पाहिजे."

स्वतः यायची छाती नाही, म्हणून दूत धाडला! सुपडूने गोधडी छातीशी ओढली.

"त्याले सांग, रातले हाई जागा मनी शे, नि गोधडीबी. थंडी वाजत असेल तर मागाले मिठी मारून झोप म्हणा."

एरवी अशा बोलण्यावर धुडकू खो-खो हसला असता. तो हसला नाही. गेलाही नाही. दारापलीकडे नुसता उभा राहिला.

सुपडू पुन्हा आडवा झाला. तोंडावर वारा लागत होता. त्याने वर पाहिले. पंखा फिरत होता.

खोली आणि कारखाना एकाच तारेवर होते. वीज असताना सगळे माग एकदम थांबण्याचे कारण कारागिरांना एकच ठाऊक असते, आणि ते कोणी मोठ्याने उच्चारीत नाही.

त्याने कडी काढली. बाहेरच्या दिव्यात धुडकूच्या सदऱ्यावर कोपरापर्यंत ओले लाल डाग दिसले. सुपडू मागे वळला, गोधडी झटकली, टोकाला टोक जुळवले आणि हाताने सुरकुत्या काढीत तिची घडी घालू लागला.



"घडी कशाले करस भाऊ," धुडकू म्हणाला, "त्याना अंगवर पसरूनच टाकनी शे."