कागदाचं फुलपाखरू

भिक्षेला आलेल्या जैन साध्वी महासतीजींनी लाकडी पातरं पुढे केलं आणि हात तिथेच थांबवला. त्यांची नजर चंदनबाईच्या डोक्यावरून भिंतीकडे गेली होती.

"बाई, त्या काचेत काय आहे?"

काचेत फुलपाखरू होतं. तांबूस पंखांचं, अंगातून टाचणी मारलेलं. सुभाषचंदच्या मित्राने स्वीडनहून आणलेलं. पिंप्राळ्यात घरी येईल त्याला सुभाषचंद भिंतीपाशी नेऊन सांगायचा, "अस्सल आहे हां. तिकडच्या बर्फाळ दलदलीतलं. दोन वर्षं अळी होऊन पडून राहतं, तेव्हा कुठे थोडे दिवस उडायला मिळतं." पाहुणे माना डोलवायचे. टाचणीचं कुणाच्या मनातच आलं नाही. जैनाच्या घरात, आता बोला.

आताही त्याने तोंड उघडलं. "महाराज, हे स्वीडनचं..."

"कागदाचं आहे," त्याची बायको चंदनबाई म्हणाली.

अठाईचे आठ दिवस तिने नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढले होते. साध्वींच्या पातऱ्यात आपल्या हातून घास पडावा आणि मगच पारणं करावं, एवढीच तिची हौस. मेलेला जीव भिंतीवर मिरवणाऱ्या घरातून महासतीजी रिकाम्याच परत गेल्या असत्या, आणि गल्लीभर बोभाटा झाला असता. सुभाषचंद खाली बघू लागला. सासूबाई, भंवरीबाई, उगाच पदर सारखा करत राहिल्या.

"कागदाचं? अगदी जिवंत वाटतं हो," महासतीजी कौतुकाने म्हणाल्या, आणि पातरं पुढे आलं.

चंदनबाईने पोळी वाढली. वाढून ती भिंतीला टेकली. सगळ्यांना वाटलं, उपासाचा अशक्तपणा. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

उंबऱ्याशी वळून महासतीजी सगळ्यांना म्हणतात तेच म्हणाल्या, "दया पाळो."

चंदनबाईने त्यांचे पाय धरले. "मला पारणं नको. आजच्याही उपासाचं पच्चक्खाण द्या."

"झेपेल ना, बाई?"

तिने नुसती मान हलवली. महासतीजींचे डोळे भरून आले. त्यांनी उपासाचा नेम दिला आणि त्या गेल्या.

भंवरीबाई लगबगीने दारापुढच्या ओट्यावर गेल्या. "अहो हीराबाई, ऐकलंत का, आमच्या सुनेने नववा धरला."

शेजारच्या बायका जमल्या. म्हाताऱ्या हीराबाई तपस्विनीच्या पाया पडायला वाकल्या. चंदनबाईने पाय साडीखाली ओढून घेतले.

"नका हो, खरंच नका."

"बघा, गर्व म्हणून नाही पोरीला," हीराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी साडीवरच डोकं टेकवलं.