तिसरा रविवार

नवा जिल्हा झाला तवा शालोमदाजी लातूरच्या हापिसात बदलून आले. ते यहुदी, आमी ख्रिस्ती. माझ्या मार्थाताईशी त्यांचं लग्न ठरलं. आमच्या चर्चमधी लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात आन "कुनाची हरकत हाय का?" इचारतात. तिन्ही रविवार दाजी नुसते दाराकडं बघून राहिले. तिसऱ्या रविवारी दार करकरलं, तसे ताडकन उठले. दारात शेजारची बाई होती.

"टँकर आला!"

निम्मं चर्च घागरीसाठी पळालं. माझं टाळकं सटकलं.

"दाजी, हरकतीला एवढं भेता, तर लग्न कशाला करता?"

"भीत नाही गं." ते खाली बसले. "अलिबागला आईला तिन्ही तारखा कळवल्या होत्या. वाटलं, हरकत घ्यायला तरी येईल."